आडनाव झाकून रेफरन्स मिळेल काय?

खडकवासल्याचा एक तरुण परवा आमच्याकडे आला. त्याचा फॅब्रिकेशनचा धंदा आहे. ग्रील, गेट, पत्र्याचे शेड तो बनवतो. सिंहगड रस्त्याला सोसायट्या उभ्या राहत आहेत, म्हणजे कामाला तोटा नाही. ओळखी वाढाव्यात म्हणून तो व्यावसायिकांच्या एका गटाचा सभासद झाला. फी भरली, आठवड्याच्या बैठका चुकवल्या नाहीत. सहा महिन्यांत रेफरन्स मिळाले फक्त दोन. त्याने आम्हाला विचारले, "वकीलसाहेब, गॅझेटमध्ये आडनाव बदलायला काय कागद लागतात?"

कागद आम्ही सांगितले, तो त्याचा हक्क आहे. पण दुखण्यावर हे औषध आहे काय?

अशा गटांची पद्धत वाईट नाही. १९८५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या बीएनआयचे सूत्रच असे की, एका गटात एका व्यवसायाचा एकच सभासद. आणि आधी दुसऱ्याला काम मिळवून द्या, मग तुम्हाला मिळेल. परंतु रेफरन्स विश्वासावर चालतो आणि या देशात विश्वास अनेकदा आडनाव पाहून ठेवला जातो. बाबासाहेबांनी मुंबईत शेअर व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक बंद झाले. १९२३ साली बॅरिस्टर म्हणून ते उभे राहिले तेव्हा सॉलिसिटर त्यांना ब्रीफ देईनात. ब्रीफ म्हणजे वकिलाचा रेफरन्सच! आणि नाव झाकण्याचे काय होते? १९१७ साली बडोद्यात निवारा मिळेना म्हणून त्यांना पारशी नाव सांगून पथिकाश्रमात राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला.

मग करायचे काय? आम्हा वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी जाहिरातीची मनाई आहे. आमचे पोट तोंडी शिफारशीवरच चालते. त्या अनुभवातून आम्ही त्याला काही गोष्टी सांगितल्या. बैठकीत "काम असेल तर सांगा" म्हणू नकोस, ते कोणाच्याच लक्षात राहत नाही. "नांदेड फाट्यावरच्या नव्या सोसायटीच्या चेअरमनशी गाठ घालून द्या" असे नेमके माग. ज्यांचे गिऱ्हाईक तेच तुझे गिऱ्हाईक, त्या आर्किटेक्ट, प्लंबर, रंगकाम करणाऱ्याला बैठकीबाहेर भेट. आधी तू त्यांना एक काम मिळवून दे. मिळालेल्या रेफरन्सला त्याच दिवशी फोन कर, लेखी कोटेशन दे, तारीख पाळ. काम संपल्यावर ज्याने पाठवले त्याला जाऊन सांग, कारण त्याने स्वतःची पत तुझ्यासाठी गहाण ठेवलेली असते.

एवढे करूनही आडनावाशी अडले तर गट बदल. पुण्यातच २००५ साली मिलिंद कांबळे यांनी दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे डिक्की, स्थापन केली. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योजकांकडून ४ टक्के खरेदीचे उद्दिष्ट आहे. ते दार कितीजण ठोठावतात?

आता बोट स्वतःकडे वळवू. राजर्षी शाहूंनी गंगाराम कांबळेंना कोल्हापुरात हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे थांबून चहा घेतला, बरोबरच्या अधिकाऱ्यांनाही पाजला. छत्रपतींनी भररस्त्यात दिलेला तो रेफरन्स होता. आम्ही काय करतो? बुद्धविहाराचे ग्रील, जयंतीचा मंडप, लग्नाचे जेवण यांची ऑर्डर कोणाला देतो? दिलीच तर "आपलाच माणूस आहे" म्हणून पैसे कमी करायला लावतो आणि उरलेले उधार ठेवतो. दुसऱ्याच्या दारात मात्र रोख मोजतो. समाजाचा नोकरदार वर्ग बँकांत, महापालिकेत, सोसायट्यांच्या कमिट्यांवर आहे. काम चोख असेल तर आपल्या मुलाचे नाव चारचौघांत घ्यायला त्याची जीभ का अडखळते?

त्या तरुणाला गॅझेटचा रस्ता आम्ही दाखवला. पण ज्या समाजात त्याचे काम पाहून त्याचे नाव पुढे केले जाते, तिथे त्याला तो रस्ता धरावा लागणार नाही. येत्या रविवारी आपल्या विहारात बसा, वहीत आपल्या वस्तीतल्या कारागिरांची, व्यावसायिकांची नावे लिहा, आणि पहिले काम रोख पैसे देऊन त्यांनाच द्या.