विश्लेषण : परदेशवारीसाठी ई-सिम घ्यावे का? स्वस्त डेटापेक्षा घरचा नंबर महत्त्वाचा कसा?

उमराहला निघालेले कळमनुरीचे कुटुंब असो की अमेरिकेतल्या मुलाकडे सहा महिन्यांसाठी निघालेले वसमतचे निवृत्त गुरुजी, बॅगा भरताना एक प्रश्न हमखास निघतो : तिकडे नेट कसे चालणार? घरातला एखादा पुतण्या ‘ई-सिम घ्या’ असे सुचवतो. मग किती रुपयांत किती जीबी, याची तुलना सुरू होते. पण डेटा काय, कुठेही मिळतो. बँक, पेन्शन आणि आधारशी जोडलेला भारतातला नंबर प्रवासभर सुरू राहणार का, हे आधी पाहायला हवे. ई-सिमची निवड त्यानंतर.

ई-सिम म्हणजे काय?

नेहमीचे सिम कार्ड आपण ट्रेमध्ये घालतो. ई-सिम ही फोनमध्येच बसवलेली चिप असते. क्यूआर कोड स्कॅन करून किंवा अ‍ॅपमधून कंपनीची माहिती त्यात उतरवली, की जोडणी तयार होते. जुने सिम काढावे लागत नाही. फायदा हाच : भारतातले सिम जागेवर राहते आणि डेटा दुसऱ्या कंपनीचा वापरता येतो.

आयफोनमध्ये ही सोय २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआर मॉडेलपासून आली. अँड्रॉइडमध्ये मात्र स्वस्त श्रेणीतल्या अनेक फोनमध्ये ती अजूनही नाही. तपासणे सोपे आहे. डायल पॅडवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबावे. आयएमईआयसोबत ‘ईआयडी’ क्रमांक दिसला, तर फोनमध्ये सहसा ई-सिम चालते. तो दिसला नाही, तर केवळ ई-सिमसाठी नवा फोन घेण्याची गरज नाही.

घरच्या नंबरवर एवढा भर का?

परदेशात कार्ड चालले नाही, मुलीची फी भरायची राहिली, पेन्शन खात्यात काही अडले, तर ओटीपी याच नंबरवर येतो. रोमिंगमध्ये येणारे एसएमएस बहुतेक वेळा मोफत असतात. पण त्यासाठी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू असावे लागते आणि प्रीपेडची वैधता प्रवासभर टिकावी लागते. दोन्ही गोष्टी निघण्यापूर्वी कंपनीच्या अ‍ॅपमध्ये तपासून घ्याव्यात.

मुलांकडे दीर्घकाळ राहणाऱ्या आई-वडिलांना धोका जास्त. ट्रायच्या नियमानुसार प्रीपेड नंबर सलग ९० दिवस वापरला गेला नाही आणि खात्यात २० रुपयेही शिल्लक नसले, तर तो बंद होऊ शकतो. नंतर तो दुसऱ्या कुणाला दिला जातो. ‘तिकडचे सिम घेतले, इथल्याचे काय काम’ असे म्हणून रिचार्ज थांबवणे म्हणूनच महागात पडते. गावी राहिलेल्या एखाद्याने तो नंबर वेळेवर रिचार्ज करत राहावा.

आणखी एक चूक टाळण्यासारखी आहे. प्रवास तोंडावर असताना आपले भारतीय सिम ई-सिममध्ये बदलून घेऊ नये. दूरसंचार विभागाच्या २०२२ च्या निर्देशानुसार सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात. नेमका त्याच दिवशी ओटीपी लागला, तर पंचाईत.

ई-सिम निवडताना काय पाहावे?

पहिले, देश. ‘युरोप पॅक’मध्ये स्वित्झर्लंड आणि ब्रिटन आहेत का, हे यादीत वाचावे. वाटेत दुसऱ्या देशात थांबा असेल, तर तो देशही पाहावा.

दुसरे, वैधता. काही पॅकचे दिवस ई-सिम फोनमध्ये टाकताच मोजले जातात, काहींचे परदेशी नेटवर्क मिळाल्यावर.

तिसरे, ‘अनलिमिटेड’चा अर्थ. अनेकदा रोजची मर्यादा संपली की वेग घटतो. घरातल्या चौघांत एकाच फोनवर ई-सिम घेऊन हॉटस्पॉट देण्याचा बेत असेल, तर त्याला परवानगी आहे का, हेही विचारावे.

चौथे, विक्रेता. परदेशी कंपन्यांचे सिम भारतात विकायला दूरसंचार विभागाची परवानगी लागते. जानेवारी २०२४ मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय ही अ‍ॅप भारतातल्या अ‍ॅप स्टोअरमधून हटवली गेली, ती याच मुद्द्यावरून. पासपोर्टची प्रत मागणारा विक्रेता कटकटीचा वाटतो, पण नियम तोच आहे.

डेटा किती लागेल, हे जाहिरातीवरून ठरवू नये. फोनच्या सेटिंगमध्ये महिन्याचा वापर दिसतो. त्यावरून रोजचा अंदाज येतो. नकाशा आणि मेसेजला थोडा डेटा पुरतो. तो संपतो व्हिडिओवर.

मग प्रत्येकाने ई-सिमच घ्यावे का?

नाही. फोन चालवणारा स्वतः सेटिंग बदलू शकत असेल, तर ई-सिम फायद्याचे. वयस्कर व्यक्ती एकटी जात असेल, फोन साधा असेल, तर भारतीय कंपनीचे रोमिंग पॅक घ्यावे. चार पैसे जास्त गेले तरी चालतील. मदिनेत रौजा शरीफच्या भेटीची वेळ ‘नुसूक’ अ‍ॅपवर घ्यावी लागते. तिथल्या गर्दीत ‘डेटा रोमिंग कुठल्या सिमचे सुरू करू’ हा प्रश्न पडला, तर वाचलेल्या पैशांचा काय उपयोग?

ही तयारी घरीच व्हायला हवी. हिंगोलीकराला विमानासाठी मुंबई किंवा हैदराबाद गाठावे लागते. रात्रभराच्या प्रवासानंतर विमानतळावरच्या वायफायवर हे जुळवत बसणे नको. क्यूआर कोड त्याच फोनवर आला असेल, तर स्कॅन करायला दुसरा फोन किंवा छापील प्रत सोयीची. तो बहुधा एकदाच वापरता येतो, म्हणून नेट चालत नाही म्हणून ई-सिम डिलीट करू नये. परदेशात उतरल्यावर मोबाइल डेटा ई-सिमवर ठेवावा, त्याचे रोमिंग सुरू करावे आणि भारतीय सिमचे डेटा रोमिंग बंद. व्हॉट्सअ‍ॅपने विचारले, तर जुनाच नंबर कायम ठेवावा.

फसवणूक कशी होते?

‘तुमचे ई-सिम सुरू करून देतो’ असा फोन येतो, लिंक किंवा कोड पाठवला जातो. मान्यता दिली की आपल्या फोनची रेंज जाते आणि ओटीपी भामट्याकडे पोहोचतात. असा फोन सरळ कापावा. पैसे गेलेच, तर १९३० वर लगेच तक्रार करावी.

रोमिंग पॅक विकताना कंपन्या जीबी ठळक छापतात. नंबर बंद होण्याचा नियमही तेवढ्याच ठळकपणे मराठीत छापायला हवा. तोवर ही जबाबदारी ‘ई-सिम घ्या’ म्हणणाऱ्या पुतण्यावरच येते. त्याने काका-काकूंचे नेट जुळवून द्यावेच. पण आधी त्यांच्या जुन्या नंबरचे रिचार्ज कधी संपते, ते पाहावे.