एकीचा धडा

रविवारच्या सकाळी चहाबरोबर वाचायचा हा विषय नव्हे, असे काही वाचकांना वाटेल. पण ज्या घरात दोन-तीन वर्षांचा मुलगा आहे, त्या घरात हा विषय रोज सकाळी चहाच्याही आधी निघतो. पुढे शाळेत त्याचे नाव 'एकी' होते. करंगळी वर करून बाईंकडे परवानगी मागणे हा आपणा सर्वांचा आयुष्यातला पहिला अर्ज. तरीही मुलग्याला लघवी करायला कसे शिकवावे, याबद्दल आपल्याकडे कुणी धड बोलत नाही. एके दिवशी बाप, काका किंवा मामा त्याला मोरीच्या कडेला उभा करतो आणि म्हणतो, ''असा उभा राहून कर, बाप्या माणसासारखा.'' पोरगा करतो. घरातली मंडळी हसतात, कौतुक करतात आणि शिक्षण संपले असे समजतात.

ते अर्ध्यावर संपलेले असते. कसे उभे राहायचे एवढेच आपण मुलाला सांगतो. कुठे उभे राहायचे, कुठे नाही आणि झाल्यावर काय करायचे, हे सांगायचे राहून जाते. या राहून गेलेल्या धड्याची किंमत भिंती मोजतात, रस्ते मोजतात, सफाई कामगार मोजतात आणि सर्वांत जास्त बायका मोजतात.

आधी धड्याचा सोपा भाग. आपल्या आज्या पाटावर बसून दोन्ही पावले जुळवून घ्यायच्या, त्यांवर बाळाला बसवायच्या आणि तोंडाने 'शूऽऽ' असा लांबलचक आवाज काढायच्या. आवाज आणि क्रिया यांची सांगड बाळाच्या डोक्यात आपोआप बसायची. मुलगा असो की मुलगी, सुरुवात बसूनच. आजचे बालरोगतज्ज्ञही मुलग्यांना आधी बसायलाच शिकवा असे सांगतात. त्या वयात शी आणि शू पुष्कळदा बरोबरच येतात आणि बसलेल्या मुलाला पोट मोकळे करण्याची सवय लागते. उभे राहणे नंतर, मुलाला उंची आणि तोल आल्यावर. घाईचे तर मुळीच काम नाही. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली लिहिलेल्या निबंधात हेच सांगितले होते, की कॅलेंडर पाहू नका, मूल तयार झाल्याच्या खुणा पाहा. चड्डी ओली झाल्याचे त्याला कळते का, होण्याआधी ते सांगते का, थोडा वेळ कोरडे राहते का, या त्या खुणा. रात्रीचा ताबा तर आणखी उशिरा येतो. पाच वर्षांच्या मुलाने अंथरूण ओले केले म्हणून त्याला चारचौघांत लाजवणे हा निव्वळ अडाणीपणा आहे.

मुलगा उभा राहू लागला की दोन-चार गोष्टी सांभाळाव्यात. पहिली दोन वर्षे चेनची पँट नको, इलॅस्टिकची चड्डी बरी. चेनमध्ये कातडी अडकली की पोर महिनाभर न्हाणीघराच्या नावाने रडते. पुढची कातडी ओढून मागे सारण्याचा उद्योग कुणी मोठ्याने करू नये; ती वयाबरोबर आपोआप सुटी होते. कमोड असेल तर पायाखाली लाकडी चौरंग द्यावा आणि बैठक वर उचलायला शिकवावे. नेम धरायला काहीतरी द्यावे, कागदाचा कपटासुद्धा चालतो. यात हसण्यासारखे काही नाही. ॲमस्टरडॅमच्या स्किफोल विमानतळावर १९९०च्या दशकात पुरुषांच्या मुताऱ्यांत आतल्या बाजूला एका माशीचे चित्र उमटवले. पुरुष त्या माशीवर नेम धरू लागले आणि बाहेर उडणे कमी झाले. पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे रिचर्ड थेलर यांनी २००८च्या आपल्या पुस्तकात या माशीला मानाचे स्थान दिले. कोट-टाय घालून विमानात बसायला निघालेल्या गृहस्थांना जर नेमासाठी माशी लागते, तर तीन वर्षांच्या पोराचे चार थेंब बाहेर गेले म्हणून ओरडण्यात काय अर्थ?

आता त्या 'बाप्या माणसासारखा' या शब्दांकडे वळू. उभ्याने करणे हा पुरुषाचा निसर्गदत्त धर्म आहे, अशी एक पक्की समजूत आहे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी इजिप्तचे वर्णन करताना लिहून ठेवले आहे, की तिथे बायका उभ्याने आणि पुरुष बसून लघवी करतात. एवढ्या लांब जायलाही नको. धोतर नेसणारे आपले आजे-पणजे बसूनच करत. ज्यांना जानवे असे ते ते कानाला अडकवत. मुसलमान शेजाऱ्यांच्या घरीही बसून करणे आणि नंतर पाणी घेणे हीच रीत आहे. मनुस्मृती हा काही मला आदर वाटणारा ग्रंथ नव्हे. महाडला १९२७ साली ती जाळली गेली, ते योग्यच झाले. पण तिच्या चौथ्या अध्यायातसुद्धा वाटेवर, पाण्यात, नांगरलेल्या शेतात लघवी करू नये आणि चालताना किंवा उभ्याने करू नये, असे बजावले आहे. म्हणजे आज जे 'बाप्या माणसाचे' म्हणून शिकवले जाते, ते या देशात बऱ्याच अंशी पँटीबरोबर आले. घट्ट पँट घालून उकिडवे बसणे अवघड, म्हणून माणूस उभा राहिला.

जर्मनीत हा वाद कोर्टापर्यंत गेला. तिथे बसून करणाऱ्या पुरुषासाठी एक स्वतंत्र शब्दच आहे आणि तो पूर्वी चिडवण्यासाठी वापरत. २०१५ साली ड्यूसेलडॉर्फ शहरात एका घरमालकाने भाडेकरूच्या अनामत रकमेतले १,९०० युरो कापून घेतले. का, तर त्याच्या उभ्याने करण्याने न्हाणीघराची संगमरवरी फरशी खराब झाली. न्यायाधीशांनी निकाल भाडेकरूच्या बाजूने दिला. उभ्याने करणे अजून रूढ आहे आणि संगमरवर असा खराब होतो याची भाडेकरूला कल्पना असण्याचे कारण नाही, असे त्यांचे म्हणणे. मी आयुष्यभर बँकेत अनामत रकमांचे हिशेब पाहिले, त्यामुळे त्या भाडेकरूबद्दल मला सहानुभूती आहे. पण न्यायाधीशांसमोर एक साक्षीदार आला नाही, असे मला राहून राहून वाटते. ती फरशी रोज कोण पुसत होते? आपल्याकडच्या मोऱ्या आणि कमोडच्या कडा कोण पुसते, हे तर सांगायलाच नको.

हे झाले घरातले. खरे नुकसान उंबऱ्याबाहेर सुरू होते. एक आई चार वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची मुलगी घेऊन बाजारात निघाली आहे, असे समजा. मुलगा म्हणतो, ''आई, शू.'' आई त्याला गटाराकडे तोंड करून उभा करते. ''कर इथंच, कोण बघतंय?'' पाच मिनिटांनी मुलगी तेच म्हणते. आई म्हणते, ''जरा थांब गं, घरी गेल्यावर.'' रस्ता तोच, आई तीच, मिनिटे पाचच; आणि दोन मुले दोन वेगळे धडे घेऊन घरी जातात. मुलगा शिकतो, की सारा रस्ता आपला आहे. मुलगी शिकते, की शरीराला थांबवून ठेवायचे असते, आणि थांबवणे जमत नसेल तर पाणी कमी प्यायचे असते. आईचा यात दोष नाही. त्या बाजारात मुलीला न्यायला जागाच नाही. मुलासाठीही नव्हती, पण मुलाचे जागेवाचून अडत नाही आणि त्यामुळेच जागा करण्याची निकड कुणाला भासत नाही.

रात्रीच्या खासगी बसने प्रवास केलेल्या प्रत्येकाने हे पाहिले आहे. ड्रायव्हर अंधारात कुठेतरी गाडी कडेला घेतो. पुरुष उतरतात, झुडपांकडे तोंड करून ओळीने उभे राहतात, विडी-सिगारेट ओढतात, हातपाय ताणतात. खिडक्यांशी बायका बसून राहतात. त्यांतल्या काहींनी दुपारपासून पाण्याचा घोट घेतलेला नसतो. ''सगळे आले का?'' असे ओरडून क्लीनर दार लावतो. सगळे म्हणजे कोण, हे कुणी विचारत नाही.

१९८०च्या दशकात एका तालुक्याच्या गावी आमची शाखा एका जुन्या वाड्यात भाड्याने होती. जागा घेताना तिजोरीच्या खोलीची भिंत किती जाड हवी, दार कसे हवे, याचे नियम होते आणि ते कसोशीने पाळले गेले होते. संडासाचा मात्र कुठल्याच कागदात उल्लेख नव्हता. आम्ही पुरुष मंडळी परसातल्या पडक्या भिंतीमागे जात असू. दोन क्लार्क बायका होत्या. त्या दुपारी एकदा, दोघी मिळून, पलीकडच्या आळीतल्या एका शिक्षकांच्या घरी जात आणि त्या घरच्या बाई त्यांना आनंदाने मोरी उघडून देत. वर्षअखेरीच्या क्लोजिंगला रात्रीचे दहा वाजत, तेव्हा ते घर झोपलेले असे. मग त्या दोघी संध्याकाळचा चहा नाकारत. आमच्या साहेबांनी एकदा कौतुकाने म्हटले, ''बायका बघा, चहालासुद्धा उठत नाहीत.'' त्यावर त्यांतली थोरली शांतपणे म्हणाली, ''साहेब, चहा प्यायला काही नाही, पण नंतर जायचं कुठं?'' महिनाभरात परसात पत्र्याची खोली उभी राहिली. खर्च फार आला नाही. कुणीतरी तोंड उघडायचे बाकी होते.

असे तोंड उघडायला शहरांनाही पुष्कळ वर्षे लागली. मुंबईत २०११ साली 'कोरो' आणि इतर संस्थांच्या कार्यकर्त्यांनी 'राइट टु पी' ही मोहीम सुरू केली. त्यांचे गाऱ्हाणे साधे होते. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना त्याच कामाचे पैसे, तेही जागा असलीच तर. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' मासिकाच्या वतीने उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना स्त्रियांसाठी पुरेशी आणि स्वच्छ प्रसाधनगृहे उभारण्याचे निर्देश दिले. शाळांबाबत २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातच मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहांची अट आहे. कायदा आहे, निकाल आहे. पण खोली बांधली म्हणजे पाणी आले असे होत नाही, आणि पाणी आले तरी आतली कडी शाबूत असेल असे नाही.

भिंतींची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. जिन्याच्या कोपऱ्यात, कंपाउंडच्या भिंतीवर आपण देवांच्या टाइल्स लावतो. शंकर, येशू, मक्का, गुरू नानक, साईबाबा, सगळे एका रांगेत. मोठ्या माणसाला त्याच्या आईबापांनी जे सांगितले नाही, ते सांगायला देवांना भिंतीवर उभे केले आहे. सर्वधर्मसमभावाचे याहून केविलवाणे प्रदर्शन मी पाहिलेले नाही. आणि टाइल जिथे संपते तिथून पुढे भिंत पुन्हा ओली असते.

म्हणून धडा पहिल्यापासून पुरा द्यायला हवा आणि तो बापाने द्यायला हवा. मुलगा या बाबतीत बापाची नक्कल करतो. बापच गाडी थांबवून रस्त्याच्या कडेला उभा राहत असेल, तर आईने हजारदा सांगून उपयोग नाही. घरात बैठक उचलायची, बाहेर उडाले तर आपल्या हाताने पाणी ओतायचे, बैठक खाली ठेवायची, हात धुवायचे. तीन वर्षांच्या मुलाला हे सहज जमते, नव्हे, पाण्याचा मग हातात मिळाला की तो आनंदाने करतो. ज्याने स्वतःचे शिंतोडे स्वतः धुतले, त्याला पुढे सार्वजनिक मुतारी धुणाऱ्या माणसाकडे पाहून नाक मुरडावेसे वाटत नाही.

बसून करायचे की उभ्याने, हा वाद ज्याने त्याने आपल्या गुडघ्यांना विचारून मिटवावा. लहान मुलगा बसून करत असेल तर त्याला 'मुलीसारखा' म्हणून चिडवू नये, एवढेच पुरे. त्या चिडवण्यातून तो लघवीबद्दल काही शिकत नाही. मुलीसारखे असणे वाईट, एवढे मात्र शिकतो.

आणि घराबाहेर पडताना मुलगा-मुलगी दोघांनाही एकच नियम असावा. निघण्यापूर्वी जाऊन यायचे. वाटेत लागली तर थोडे थांबायचे आणि मोठ्यांनी जागा शोधायची. हॉटेल असेल, पेट्रोलपंप असेल, ओळखीचे दुकान असेल. मुलासाठी बापाने चार ठिकाणी विचारले, तर त्या बापाला पहिल्यांदाच कळेल की गावात जागा किती कमी आहेत. मग तो नगरसेवकाकडे जाईल, बसच्या क्लीनरला 'ढाब्यावर थांब, इथे नको' असे सांगेल. आज ही मागणी बायका एकट्याच करतात आणि म्हणून ती बायकांची तक्रार ठरते. तिच्याखाली पुरुषांच्याही सह्या हव्यात. बँकेतल्या अनुभवावरून सांगतो, अर्जावर दोन सह्या असल्या की साहेब तो निदान वाचून तरी पाहतात.