चंद्रावरच्या गुहा कोणाच्या?

चंद्रावर कोणी ससा पाहतो, कोणी हरिण. तो ससा म्हणजे थिजलेला लाव्हारस आहे असे सांगितले की घरातली मुले हिरमुसतात. पण खरे तेच आहे. अब्जावधी वर्षांपूर्वी चंद्राच्या पोटातून भेगांवाटे शिलारस वर आला, सखल भागांत पसरला आणि काळा बसाल्ट होऊन बसला. आपला सह्याद्री ज्या दगडाचा, त्याच जातीचा हा दगड. जुन्या निरीक्षकांनी या काळ्या मैदानांना समुद्र म्हटले. पाणी कधी नव्हतेच, नाव मात्र टिकले.

या कोरड्या समुद्रांत आता विहिरी सापडू लागल्या आहेत. विहीर हा शब्द मी मुद्दाम वापरतो. चंद्रावरचे बहुतेक खळगे आपल्या लोणारप्रमाणे आघाताने झालेले, वाडग्यासारखे. हे मात्र उभ्या कडांचे आणि अंधारे. जपानच्या 'कागुया' यानाच्या छायाचित्रांत मारियस टेकड्यांपाशी असा पहिला खड्डा ओळखला गेला, ते वर्ष २००९. पुढे अमेरिकी 'लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर'च्या छायाचित्रांतून दोनशेहून अधिक खड्डे हेरले गेले. त्यांतला सर्वांत गाजलेला आहे शांतिसागरात, म्हणजे १९६९ मध्ये 'अपोलो-११' उतरले त्याच मैदानात, पण त्या जागेपासून काहीशे किलोमीटरवर. त्याचे तोंड सुमारे १०० मीटर रुंद, आणि खोलीही साधारण तितकीच.

हे घडते कसे? लाव्हाचा प्रवाह वाहताना वरून निवतो, दुधावर साय धरावी तशी त्यावर कवची धरते. आत रस वाहतच राहतो. उगम आटला की रस निघून जातो आणि मागे पोकळ नळी उरते. चंद्राचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एकषष्ठांश, त्यामुळे तिथे मोठाली छतेही तग धरू शकतात. छत एखाद्या जागी ढासळले की विहीर तयार होते. काही नागमोडी घळींमागेही अशीच लांबवर ढासळलेली छते असावीत. १९७१ मध्ये डेव्हिड स्कॉट आणि जेम्स आयर्विन ज्या हॅडली घळीच्या काठावर उभे राहिले, ती दीड किलोमीटर रुंद आहे. श्रोटरची दरी तर घरच्या छोट्या दुर्बिणीतूनही दिसते. मात्र त्यासाठी कोजागरीची वाट पाहू नये. शुद्ध द्वादशी-त्रयोदशीला, सावल्या लांब असताना पाहावे. पौर्णिमेचा चंद्र दुधात छान, दुर्बिणीत सपाट.

यात आपलाही वाटा आहे. 'चांद्रयान-१'ने टिपलेल्या छायाचित्रांवरून अहमदाबादच्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये वादळांच्या महासागरात सुमारे १.७ किलोमीटर लांबीची, न ढासळलेली नळी असावी असे दाखवून दिले. २०२४ मध्ये इटलीतील ट्रेन्टो विद्यापीठाच्या संशोधकांनी जुन्या रडार-नोंदी नव्याने तपासल्या आणि शांतिसागरातल्या विहिरीच्या तळाशी काही दहा मीटर आत जाणारी गुहा असल्याचे अनुमान मांडले. त्या विहिरीच्या सावलीतले तापमान १७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते, असे २०२२ मधील अभ्यासाने दाखवले होते. बाहेर दिवसा पाणी उकळेल असे ऊन आणि रात्री उणे दीडशेच्याही खाली गोठवणारी थंडी. आत मात्र महाबळेश्वरची सकाळ! (श्वास घ्यायला हवा नाही, एवढे सोडले तर.) वरून पडणाऱ्या किरणांपासून आणि बारीक उल्कांपासूनही तिथे आडोसा मिळेल. म्हणजे चंद्रावर राहायला जाणारा माणूस पुन्हा गुहावासी होणार, अशी चिन्हे आहेत.

माझी चिंता इथूनच सुरू होते. घाटातून जाताना कड्यांकडे पाहा. एकावर एक थर, आणि मधूनच विटकरी मातीची पट्टी. एक लाव्हा येऊन गेला, काही काळ शांततेत गेला, मग दुसरा आला, याची ती नोंद आहे. चंद्रावरच्या या विहिरींच्या भिंतींतही थर दिसतात. दोन थरांमध्ये जुनी माती दबली असेल, तर त्या काळच्या सूर्यावरून आलेले कण त्या मातीत बंद असतील. पृथ्वीवर पावसाने, वाऱ्याने असल्या नोंदी केव्हाच पुसल्या. तिथे उद्या यानांचा धूर, निवासांतून गळणारी हवा आणि आपले जंतू पोहोचले, तर ती वही वाचण्याआधीच तिच्यावर डाग पडतील.

कायदा काय म्हणतो? १९६७ च्या अवकाश करारानुसार चंद्रावर कोणत्याही देशाला मालकी सांगता येत नाही, आणि घातक दूषण टाळावे असेही त्यात मोघम म्हटले आहे. भारताने जून २०२३ मध्ये सही केलेल्या 'आर्टेमिस' करारात वारसा जपण्याचे कलम आहे. तो वारसा कोणता, तर माणसांची आणि यंत्रांची उतरण्याची ठिकाणे, त्यांचे अवशेष. म्हणजे बुटाच्या ठशाला संरक्षण आहे, आणि अब्जावधी वर्षांच्या गुहेचा त्या कलमात उल्लेखही नाही. शिवाय आपापल्या कामाभोवती 'सुरक्षा क्षेत्र' आखण्याची मुभा त्यात आहे. दोनशे खड्ड्यांतले राहण्याजोगे थोडेच असणार. जो आधी पोहोचेल तो क्षेत्र आखील. मालकी नाही म्हणायचे आणि दार मात्र अडवायचे, असा हा प्रकार होऊ शकतो.

आपल्या गावांनी देवराया राखल्या. तिथे कुऱ्हाड चालत नसे, आणि त्यासाठी लेखी करारही लागला नाही. चंद्रावरच्या काही गुहा तशाच सोडाव्यात. जिथे जायचे तिथेही आधी निर्जंतुक यंत्रमानव जावेत, थर तपासावेत, मग माणसांनी पाऊल टाकावे. २०४० पर्यंत चंद्रावर भारतीय उतरवण्याचे आपले लक्ष्य आहे, तेव्हा हा प्रश्न परक्यांचा म्हणून टाळता येणार नाही. 'चांद्रयान-१'ने दाखवलेली ती १.७ किलोमीटरची नळी पहिली देवराई म्हणून राखावी, असा प्रस्ताव भारतानेच का मांडू नये?