पळणारी पोरं आणि कापसाची वेचणी

आज पिकाचं नाही, घरातल्या आठवी-नववी-दहावीच्या मुलांचं बोलायचं आहे.

मागच्या हंगामात बोंडअळीच्या पाहणीसाठी गोदाकाठच्या एका गावी गेलो होतो. पाहणी झाली, चहा झाला, आणि शेतकऱ्याने मधेच विचारलं, "साहेब, पोरगी नववीला हाय. पळण्यात तालुक्याला पहिली आली. आता जिल्ह्याला जायचं म्हणती. नेमकी वेचणी तोंडावर आलीय. काय करू?"

प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. शालेय स्पर्धा पावसाळ्यात तालुक्यापासून सुरू होतात, मग जिल्हा, विभाग, राज्य. जिल्हा-विभागाची वेळ येते तोवर आपल्याकडे कापूस फुटलेला असतो. वेचणीची मजुरी किलोवर जाते, माणूस मिळत नाही. अशा वेळी मुलीचे दोन दिवस म्हणजे घरच्या खर्चातले दोन दिवस. मुलगा असेल तर बाप कुरकुर करून पाठवतो. मुलगी असेल तर बहुतेक वेळा पाठवत नाही. हे आपण मान्य केलं पाहिजे.

आता पळण्याने या वयात होतं काय ते पाहा. पळणारं पोर पहाटे उठतं, म्हणून रात्री वेळेवर झोपतं. भूक लागते, तंबाखूच्या पुडीपासून लांब राहतं. मुलीच्या बाबतीत त्याहून मोठी गोष्ट घडते. ती एसटीने जिल्ह्याच्या गावी जाते, परक्या मुलींत राहते, आणि दहावीनंतर तिच्या लग्नाचा विषय निघाला की "अजून खेळायचंय" म्हणायला तिच्याकडे कारण असतं. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर अशाच दुष्काळी भागातल्या शेतकरी घरातली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली, दहावी आली. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक घेतलं. दोघी गावच्याच पोरी.

पण दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्या तालुक्यात जास्त दिसते. बरेच पालक पळण्याकडे फक्त भरतीचा जवळचा रस्ता म्हणून पाहतात. "पोरगं पळतंय ना, मग पुस्तकाचं कशाला?" हा हिशेब चुकतो. २०२२ पासूनच्या पोलीस शिपाई भरतीचे गुण बघा. मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यात मुलांना १६०० मीटरचे आणि मुलींना ८०० मीटरचे गुण फक्त २०. लेखी परीक्षा १०० गुणांची. शिवाय बारावी पास आणि वय १८ पूर्ण हवं. सैन्याच्या अग्निवीर भरतीत तर २०२३ पासून लेखी परीक्षा आधी आणि मैदान नंतर. म्हणजे नववीत वही बाजूला ठेवणारा पोरगा मैदानापर्यंत पोचणारच नाही.

शिवाय १४ वर्षांच्या मुलाला भरतीच्या पोरांबरोबर रोज डांबरी रस्त्यावर पळवू नका. युरिया जास्त झाला की गहू लोळतो, ते तुम्हाला मी सांगायला नको. या वयात हाड वाढत असतं. नडगी दुखायला लागली की पोर लपवतं, कारण पळणं बंद होईल ही भीती. मी स्वतः दहावीत हेच केलं होतं आणि अख्खा उन्हाळा लंगडत काढला. घाई कशाची? बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे शाळेसाठी रोज सहा किलोमीटर जायचा-यायचा. बारावीनंतर सैन्यात गेला, आणि त्याचं स्पर्धेतलं खरं पळणं तिथे २०१५ च्या सुमारास सुरू झालं. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल रौप्य आणि २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्ण, दोन्ही स्टीपलचेसमध्ये.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना एक विनंती. आपली काळी माती पावसात चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पोरं रस्त्यावर जातात, आणि रस्त्यावर पहाटे वाळूचे हायवा असतात. शाळेच्या किंवा गायरानाच्या कडेने मुरूम टाकून, दाबून दोनशे मीटरचा गोल केला तरी पुष्कळ झालं. मुख्याध्यापकांनीही खेळाची प्रमाणपत्रं जपून ठेवावीत. ठराविक पातळीपर्यंत खेळलेल्यांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, पण प्रस्ताव शाळेकडूनच जावा लागतो. तो वेळेत गेला नाही म्हणून गुण हुकलेली मुलं मला माहीत आहेत.

खाण्याला फार खर्च नाही. बाजरीची भाकरी, डाळ, गूळ-शेंगदाणे, जमलं तर अंडं. मुलींच्या अंगात रक्त कमी असतं, ते आरोग्य केंद्रात तपासून घ्या. सारखा दम लागतो म्हणजे पोरगी आळशी आहे, असं नसतं.

त्या शेतकऱ्याला मी म्हटलं, कापूस दोन दिवस थांबेल, पाऊस नसला म्हणजे झालं. त्याने आभाळाकडे पाहिलं, मग पोरीकडे. ती जिल्ह्याला गेली आणि चौथी आली. परवा बाजारात तो भेटला तेव्हा कापसाचा भाव विचारायच्या आधी म्हणाला, "साहेब, ते पळायचे बूट कुठं मिळत्यात?"