आधी गोळी द्या, मग गीता सांगा

रुग्णाच्या समाचाराला जाताना आपली माणसं दोन गोष्टी हमखास नेतात, शहाळं आणि तत्त्वज्ञान. शहाळ्याचा थोडा तरी उपयोग होतो. कर्करोग हाडांपर्यंत पोचलाय, कूस बदलताना किंकाळी फुटतेय, आणि उशाशी बसलेले भाऊजी सांगतायत, ‘भोग आहेत, ते भोगूनच संपवायचे.’ हेच भाऊजी स्वतःची दाढ ठणकली की रात्री अकराला डेंटिस्टचं दार ठोठावतात. त्यांच्या दाढेला पूर्वसंचित लागू होत नाही.

माझं वैर तत्त्वज्ञानाशी नाही, त्याच्या या फुकट वाटपाशी आहे. दुःखाचा अर्थ लावण्याचा हक्क ज्याला दुखतंय त्याचा. बाकीच्यांचं, म्हणजे डॉक्टरांचं, इस्पितळांचं आणि सरकारचं काम आधी दुखणं थांबवण्याचं. ते न करता अर्थ सांगत बसणं हा शुद्ध कामचुकारपणा आहे, मग तो संस्कृतात असो की इंग्रजीत.

ज्यांचे दाखले दिले जातात, त्यांना तरी नीट वाचा. सुखदुःखं येतात-जातात, ती सोस, असं कृष्ण सांगतो खरं; पण कुणाला? रणांगणावर उभ्या असलेल्या, लढायला नकार देणाऱ्या धडधाकट क्षत्रियाला. घशातून पाणी उतरत नसलेल्या तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णाला नव्हे. एपिक्टीटसचा स्टोइक संयम सगळ्यांना आवडतो, पण तो माणूस गुलामगिरीतून आलेला आणि पायाने अधू होता. त्याने तो संयम आधी स्वतःवर चालवला. व्हिक्टर फ्रँकल नाझी छळछावणीतून वाचला आणि दुःखातही अर्थ सापडतो म्हणाला. हे सगळे सांगतात. टाळता येण्याजोगं दुःख सोसत राहण्यात कसलंही शौर्य नाही, हेही त्यानेच लिहिलं. ते मात्र कुणी सांगत नाही.

आणि बुद्ध? अवघं जीवन दुःखमय म्हणणाऱ्याने तर रुग्णाला प्रवचनच द्यायला हवं होतं. विनयपिटकातली कथा वेगळी आहे. अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेला एक भिक्खू त्याला दिसतो. बुद्ध आनंदाला पाणी आणायला लावतो, दोघं मिळून त्याला धुतात, उचलून खाटेवर ठेवतात. मग इतर भिक्खूंना जाब विचारतो की याची शुश्रूषा कुणी का केली नाही? आधी पाणी, मग उपदेश. आणि तो उपदेशही रुग्णाला नाही, हात बांधून उभ्या राहिलेल्यांना.

कर्मविपाकाचं राज्य कुठवर चालतं, हे कुष्ठरोगाने दाखवून दिलंय. शतकानुशतकं तो पापाचं फळ होता, रुग्णाला गावाबाहेर काढणं हा धर्म होता. १८७३ मध्ये हॅन्सन या डॉक्टरला त्याचा जंतू सापडला. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभारून समाजाच्या तोंडावर उत्तर दिलं. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली, आणि गोळ्यांच्या पाकिटापुढे गतजन्मीचं पाप निमूटपणे मागे सरलं. औषध आलं की प्रारब्धाची हद्द कमी होते. मग तीव्र वेदनेवर औषध असूनही तिथे प्रारब्ध ठाण मांडून का बसलंय?

याचं उत्तर कुठल्या उपनिषदात शोधू नका. ते सरकारी दप्तरात आहे. तीव्र वेदनेवरचं औषध, मॉर्फीन, अफूपासून बनतं, आणि आपला देश ती अफू कायदेशीरपणे पिकवतो. नीमच, मंदसौर, चित्तोडगडच्या शेतांत ती होते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते, आणि परदेशांतही जाते. १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा आला. व्यसनी आणि तस्कर पकडताना त्याने रुग्णही पकडले. एकेका साठ्यासाठी अनेक परवाने, प्रत्येक राज्याचे वेगळे नियम, नोंदवहीत चूक झाली तर तुरुंगाची धास्ती. दुकानदारांनी आणि इस्पितळांनी मॉर्फीन ठेवणंच सोडलं. १९९७ पर्यंत वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घसरला. अख्ख्या देशात वर्षाला १८ किलो. २०१४ मध्ये कायदा सुधारला, परवान्यांचं जंजाळ कमी झालं. तरी २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने हिशेब मांडला तेव्हा भारतात गरजेच्या जेमतेम ४ टक्के वेदनाशामक पोचत होतं. अफू आपल्या मातीतली, आणि आपलाच रुग्ण कण्हत पडलेला. याला दैव म्हणायचं?

उरलेली कसर डॉक्टर भरून काढतात. ‘सवय लागेल.’ महिनाभर जगेल की नाही याची खात्री नसलेल्या माणसाला कसली सवय लागायची राहिलीय? नीट मोजून, हळूहळू वाढवत दिलेलं मॉर्फीन कर्करोगाच्या रुग्णाला सहसा व्यसनी करत नाही, मारतही नाही. बद्धकोष्ठ मात्र करतं. त्यावर रेचक असतं. आणि आयुष्य थोडं कमी झालं तरी वेदनाशमन नीतिबाह्य नाही, हे तर १९५७ मध्ये खुद्द पोप बाराव्या पायस यांनी सांगून टाकलंय. दुःखाला क्रुसाचं मोल देणारा धर्म इतका पुढे येतो, आणि आपण अजून ‘सवयी’पाशी अडकलोय.

सिसिली सॉन्डर्स या ब्रिटिश डॉक्टरबाईंनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं आणि वेदना शरीराची, मनाची, संसाराची आणि श्रद्धेची अशी एकत्र असते, हे वैद्यकाला शिकवलं. परळच्या पदपथावर रिपोर्टांची पिशवी उशाला घेऊन झोपलेल्या खानदेशातल्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. गाठ दुखते, गहाण पडलेलं रान त्याहून दुखतं. मुंबईत १९८६ पासून वांद्र्याला शांती अवेदना हे हॉस्पिस आहे. कोझिकोडला १९९३ मध्ये सुरू झालेल्या कामातून केरळने घरोघरी उपशामक सेवा नेली. म्हणजे जमतं. ज्यांना करायचं नसतं, त्यांनाच तत्त्वज्ञान सुचतं.

या नाटकाचा दुसरा अंक आयसीयूत होतो. वॉर्डात ‘सोसा’ म्हणणारेच इथे ‘शेवटपर्यंत लढा’ म्हणतात. घशात नळी, हात बांधलेले, बिलाचा आकडा चढता, आणि बाहेर नातेवाइकांची कृतार्थता: ‘आम्ही काही कमी पडू दिलं नाही.’ पेशंटला काय हवं होतं? ते विचारलंच नव्हतं. त्याच्या आजाराचं नावही त्याला कळू दिलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जिवंतपणीचं इच्छापत्र मान्य केलं, २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. घराघरांत मात्र तो विषय काढणं अजून अभद्र समजलं जातं.

म्हणून इस्पितळांच्या नीतिसमित्यांना माझी एकच सूचना आहे. स्वायत्तता, करुणा वगैरेंवरचे परिसंवाद वर्षभर बंद ठेवा. त्याऐवजी दोन वह्या तपासा. एकीत प्रत्येक रुग्णाचं दुखणं शून्य ते दहामध्ये किती, हे रोज लिहिलंय का ते बघा. दुसरीत मॉर्फीनचा साठा किती, ते बघा. पहिली वही कोरी आणि दुसरी रिकामी असेल, तर तुमच्या भिंतीवर लावलेली वैद्यकाची शपथ उतरवून ठेवा. आणि भाऊजी, तुम्ही शहाळं तेवढं ठेवून जा.