साहेबांची हळद सर्व्हरवर

धुळे-जळगावच्या कितीतरी कचेऱ्यांत सर्व्हर म्हणजे साहेबांचं घरचं कपाट झालंय. मेहुण्याची हळद, भरीत पार्टी, अहिराणी गाण्यांचे एमपी३, गुड मॉर्निंगचे गुलाब, सगळं ऑफिसच्या फोल्डरात. आणि रोज रात्री त्याचा बॅकअप! का? तर म्हणे, "भाऊ, जागा स्वस्त झालीय."

जागा स्वस्त झाली; रात्र लांबली का? ५०० जीबी १०० मेगाबिटच्या लाइनवरून सरकायला अकरा तास लागतात, तेही मध्ये वीज गेली नाही तर. चार जीबीचा एक सिनेमा तीस पूर्ण प्रतींत राहिला की झाले १२० जीबी. दाबून लहान करू म्हणाल, तर व्हिडिओ आणि जेपीजी आधीच दाबलेले असतात; आणखी काही पिळून निघत नाही. मग डिस्क बसते त्या दिवशी पगारपत्रकाच्या आधी मेहुणा परत येतो, घोड्यावर बसून!

हे धुळ्यात चालावं याची मला चीड येते. इतिहासाचार्य राजवाडे जुन्या कागदांसाठी गावोगाव वणवण हिंडले, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड काढले आणि १९२६ साली याच गावात वारले. दुसऱ्याच वर्षी ते कागद जपायला त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथं उभं राहिलं. काय जपावं याचा विवेक गावात असताना ऑफिसात गुलाब जपायचे?

असल्या फायली बॅकअपमधून वगळा म्हटलं की दुसरी जमात उठते: 'सगळे जेपीजी बंद!' हा निव्वळ आडदांडपणा. वादळानं आडव्या झालेल्या केळीच्या पंचनाम्याचे फोटोही जेपीजीच असतात. ते गेले तर रावेरच्या शेतकऱ्यापुढे कोण उभं राहणार? शिवाय एखादा चतुर बाबू सिनेमाच्या फायलीचं एक्स्टेन्शन बदलून तिचा 'वार्षिक अहवाल' करतो, आणि नावावर विसंबलेला नियम गपगार. फायलीचे सुरुवातीचे बाइट तपासा, सोंग उघडं पडतं.

तेव्हा कामाच्या फोटोंना ठरलेलं फोल्डर द्या आणि ते पूर्ण घ्या. बाकी ठिकाणचा मीडिया वगळा. काय वगळलं त्याची यादी रोज निघू द्या, ती कुणीतरी वाचू द्या. साहेबांना पंधरा दिवस: हळद पेनड्राइव्हवर घरी न्या. सोळाव्या दिवशी नियम लागू, खुर्ची कोणाचीही असो. आणि त्याच दिवशी एक पंचनामा बॅकअपमधून परत आणून साहेबांसमोर उघडा. फोटो दिसले नाहीत, तर दिवस मावळायच्या आत नियम दुरुस्त करा.