संघनिवड : अंगचा वेग की नोंदलेले बळी?

खरिपाची सुगी आटोपली की बालाघाटाच्या डोंगररांगांतील गावांच्या मोकळ्या रानांत क्रिकेटचे डाव रंगू लागतात. बीड तालुक्यातील लिंबागणेश हे त्यांपैकीच एक गाव. अशा डावात एखादा मुलगा टेनिसच्या चेंडूनेही यष्टिरक्षकाला चार पावले मागे सरकावयास लावतो. त्याच्या नावावर एकही बळी नोंदलेला नसतो, कारण नोंदवही ठेवणारा कोणी नसतो. निवडचाचणीत त्याच्या शेजारी उभा राहतो तो शहरातील क्लबचा, वर्तमानपत्रांतील धावफलकांची कात्रणे जपणारा मध्यमगती गोलंदाज. जागा एकच. ती कोणाला द्यावयाची?

सिद्ध कामगिरीचा पक्ष दुबळा नाही. मुंबईच्या पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीच्या १२४ सामन्यांत ५८९ बळी घेतले, तेही बळीमागे वीसहून कमी धावा देऊन. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात तामिळनाडूविरुद्ध त्यांनी एका डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ गडी बाद केले. तरीही कसोटीत खेळण्याची संधी त्यांना अखेरपर्यंत मिळाली नाही. डावखुऱ्या फिरकीची जागा एकच होती आणि ती बिशनसिंग बेदींकडे होती. जेथे ५८९ बळीही अपुरे ठरतात, तेथे केवळ ‘हा पुढे चमकेल’ एवढ्या भरवशावर कोणाला जागा देणे हा इतरांच्या घामावर अन्याय नव्हे काय? हा सवाल रास्त आहे.

तथापि दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. श्रीरामपूरच्या झहीर खानला चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनने घेतले तेव्हा त्याच्यापाशी वेग होता, आकडे नव्हते. १९९९-२००० मध्ये तो बडोद्याकडून प्रथम श्रेणीत उतरला आणि २००० च्या ऑक्टोबरात भारताकडून खेळला. पुढे ९२ कसोटींत ३११ बळी त्याच्या नावावर जमा झाले. नागपूरजवळच्या कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा उमेश यादव याच्या हाती लेदरचा चेंडू आला तो विशीच्या उंबरठ्यावर. विदर्भाने २००८ मध्ये त्याला रणजी सामन्यात उतरविले. त्याने ५७ कसोटींत १७० गडी बाद केले. आधी आकडे दाखवा, असा हट्ट निवड करणाऱ्यांनी धरला असता तर हे दोघेही वाटेतच राहिले असते.

अमेरिकेतील बेसबॉलमध्ये हाच वाद जुना आहे. ओकलंडच्या संघाने २००२ मध्ये तुटपुंज्या पैशांत, डोळ्यांना भावणाऱ्या खेळाडूंपेक्षा आकड्यांवर भिस्त ठेवून १०३ सामने जिंकले. उलट २००८ मध्ये पिट्सबर्गच्या संघाने उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना केवळ खांद्यातील जोरावर करारबद्ध केले. दोघेही सर्वोच्च साखळीपर्यंत पोहोचू शकले नाहीत. मग निकाल आकड्यांच्या बाजूने लागला काय? नाही. अमेरिकेत शाळेपासून प्रत्येक चेंडूची नोंद होते, म्हणून तेथे आकडे बोलतात. जेथे नोंदच होत नाही, तेथे आकड्यांचे मौन हा नालायकीचा पुरावा ठरत नाही.

बीड जिल्ह्यात हे मौन आणखी खोल आहे. साखर कारखान्यांचा गाळप हंगाम आणि क्रिकेटचा हंगाम एकाच वेळी येतात. दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला बाहेर पडतात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. आईबापांबरोबर फडात गेलेला मुलगा निवडचाचणीच्या दिवशी मैदानावर कसा असेल? त्याचा कोरा कागद त्याच्या खेळाविषयी काहीच सांगत नाही. तो फक्त त्याला न मिळालेल्या संधीचा हिशेब सांगतो. आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेल्यानंतर स्पर्धात्मक धावण्याकडे वळला आणि २०२३ मध्ये हांगझौच्या आशियाई क्रीडास्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचे सुवर्णपदक त्याने मिळविले. जे सैन्याच्या मैदानावर दिसले, ते गावी असताना कोणाच्याच वहीत नव्हते.

म्हणूनच ‘गुण की कामगिरी’ हा प्रश्नच चुकीच्या रीतीने मांडला जातो. अर्थसंकल्पात महसुली खर्च आणि भांडवली खर्च वेगळे दाखवितात, कारण एकाचे फळ आज मिळावयाचे असते, तर दुसऱ्याचे काही वर्षांनी. संघनिवडीलाही हीच शिस्त हवी. उद्याच्या सामन्यातील अकरा जण हा महसुली खर्च. तेथे सिद्ध कामगिरीलाच मान द्यावा. प्रशिक्षणासाठी निवडावयाची मुले हा भांडवली खर्च. तेथे वेग, उंची, खांदा आणि शिकण्याची तयारी पाहावी. या दुसऱ्या खात्यात काही रक्कम बुडणार, हे आधीच गृहीत धरावे. मात्र मुदत ठरलेली असावी. तीन हंगामांत बळी दिसले नाहीत तर दुसऱ्या मुलाला वाट मोकळी करून द्यावी. मुदतीविना दिलेला विश्वास म्हणजे वशिल्याला मोकळे रान.

आज घडते ते नेमके उलटे. ज्या मुलाला कधी सीझन बॉल मिळाला नाही, त्याच्याकडे प्रशिक्षणाच्या दारातच बळींचा हिशेब मागितला जातो. आणि ज्यांना सर्व काही मिळाले, त्यांना संघात ‘गुणी’ म्हणून वर्षानुवर्षे सांभाळून घेतले जाते. हे बदलावयाचे तर चाचणी घेणाऱ्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी मुलांची वाट पाहू नये. गाळप संपून गावे पुन्हा भरतात तेव्हा, उन्हाळ्यात, त्यांनी लिंबागणेशसारख्या गावांत जावे. खर्च फार नाही. एक लेदरचा चेंडू, तीन यष्ट्या आणि एक नोंदवही. मुलगा कामगिरी दाखवील की नाही हे त्यानंतर ठरेल. पण तो काही दाखवू शकत नाही असे म्हणण्याचा अधिकार त्याआधी कोणालाच नाही.